चार वर्षांचं बिऱ्हाड

१९८१ च्या जानेवारीत रोनाल्ड आणि नॅन्सी रीगन व्हाइट हाउसमध्ये राहायला आले. थोड्याच दिवसांत नॅन्सीबाईंच्या हाती एक बिल पडलं. नवरा-बायकोच्या रोजच्या जेवणाखाण्याचा हिशेब, शिवाय ड्रायक्लीनिंग, टूथपेस्ट आणि तसल्याच किरकोळ वस्तूंचे पैसे. बाई चाटच पडल्या. इथे प्रत्येक जेवणाचे पैसे मोजावे लागतात हे आपल्याला आधी कुणी सांगितलंच नाही, असं त्या पुढे उघडपणे म्हणाल्या. हॉलिवूडमध्ये नाव कमावलेलं, कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची आठ वर्षं पाहिलेलं हे जोडपं. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

हिशेब तसा सरळ आहे. राष्ट्राध्यक्षाला घरभाडं नाही, विजेचं बिल नाही, नोकरांचे पगार सरकार देतं. परदेशी पाहुण्यांना दिलेली मेजवानीही सरकारच्या खात्यावर. पण घरच्यांची न्याहारी, मुलांच्या मैत्रिणी आल्या तर त्यांचा खाऊ, मुक्कामाला आलेल्या पाहुण्याचं ताट, कपड्यांची धुलाई हे सगळं घरच्या कर्त्याच्या खिशातून. चीफ अशर म्हणजे त्या घराचा कारभारी. महिना संपला की त्याच्या कचेरीतून बिल येतं. पगार २००१ पासून वर्षाला ४ लाख डॉलर आहे, तेव्हा उपाशी मरायची वेळ कुणावर येत नाही. अडचण निराळीच असते. राष्ट्राध्यक्षानं एखादं फळ आवडल्याचं सहज म्हणावं, की मुदपाकखाना ते फळ रोज ताटात ठेवू लागतो. ते सातासमुद्रापलीकडून विमानानं येतं, हे बिल बघितल्यावर कळतं. ओबामांच्या घरी हे झालं आणि मिशेल ओबामांनी ते आत्मचरित्रात सांगितलं आहे. तेव्हापासून जेवताना ‘वा!’ म्हणायचीही चोरी.

आपल्याकडे यावरून एक गोष्ट हटकून आठवते. २००६ च्या मे महिन्यात डॉ. कलामांचे पन्नासहून अधिक नातेवाईक राष्ट्रपती भवनात मुक्कामाला आले. त्यांच्या राहण्या-जेवणाचे सुमारे ३ लाख ५२ हजार रुपये कलामांनी स्वतःच्या खात्यातून भरले, असं त्यांचे सचिव पी. एम. नायर यांनी लिहून ठेवलं आहे. आपण ती गोष्ट कलामांच्या थोरवीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण वॉशिंग्टनमध्ये ती थोरवी ठरली नसती. तिथे तो नुसता नियम झाला असता. मोठेपणा एखाद्या माणसाच्या स्वभावावर सोडण्यापेक्षा कारभाऱ्याच्या वहीत लिहून ठेवलेला बरा, असं माझं मत आहे.

घर मोठं आहे. १३२ खोल्या, ३५ न्हाणीघरं, २८ शेकोट्या. मात्र कुटुंबाच्या वाट्याला येतात ते दुसरा आणि तिसरा असे दोन मजले. खालचा मजला देशाचा. तिथे सकाळी पर्यटक फिरतात, संध्याकाळी मेजवान्या झडतात, आणि वर कुणीतरी पायजम्यात वर्तमानपत्र वाचत बसलेलं असतं. १९०२ पर्यंत तर दुसरा मजलाही सगळा घरच्यांचा नव्हता. त्याच्या पूर्वेकडच्या निम्म्या भागात राष्ट्राध्यक्षाची कचेरी होती. लिंकनच्या काळात नोकरी मागायला आलेल्यांची रांग जिन्यावर लागायची आणि तिच्यातून वाट काढत त्याला आपल्या बायकामुलांकडे जावं लागायचं. आज पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं दाखवतात ती ‘लिंकन बेडरूम’ ही खरं तर त्याची कचेरी. तिथे तो कधी झोपलाच नाही. थिओडोर रूझवेल्ट सहा मुलं घेऊन राहायला आले तेव्हा जागा पुरेना. मग वेस्ट विंग बांधली, फायली तिकडे गेल्या आणि वरचा मजला एकदाचा संसाराला मिळाला.

पहिलं बिऱ्हाड जॉन ॲडम्स यांचं. १८०० च्या नोव्हेंबरात ते आले तेव्हा भिंतींचा गिलावाही पुरता वाळला नव्हता. ॲबिगेल ॲडम्स मागाहून पोचल्या. घर अर्धवट, दमट. ऊब राहावी म्हणून खोल्याखोल्यांत सतत शेकोट्या पेटत्या ठेवायच्या, आणि अवतीभवती जंगल असून तोडायला माणसं नाहीत म्हणून सरपणाची टंचाई. धुणं बाहेर वाळत घालणं शोभेना, तेव्हा बाईंनी सर्वांत मोठ्या, अर्धवट दिवाणखान्यात दोऱ्या बांधल्या आणि तिथे कपडे वाळत टाकले. हीच आजची ईस्ट रूम. केनेडींची शवपेटी याच दालनात ठेवली होती.

हे घर उभारणाऱ्यांत गुलाम होते, आणि पुढे कित्येक वर्षं ते चालवणाऱ्यांतही होते. ब्रिटिशांनी १८१४ च्या ऑगस्टमध्ये व्हाइट हाउस जाळलं. त्या दिवशी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी डॉली मॅडिसन यांनी जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र वाचवलं, ही कथा अमेरिकेत शाळेतल्या पोरांनाही पाठ. जेवणाचं टेबल मांडणाऱ्या पंधरा वर्षांच्या पॉल जेनिंग्ज या गुलाम मुलानं पुढे स्वतंत्र झाल्यावर आठवणी लिहिल्या. १८६५ मध्ये छापलेल्या त्या छोट्या पुस्तकात तो म्हणतो, बाईंनी चित्र वगैरे काही नेलं नाही. त्यांना तेवढी सवडच नव्हती. चित्र उतरवलं ते फ्रेंच दरवान आणि माळ्यानं. आणि त्यानं मांडलेलं जेवण? ते शत्रूच्या सैनिकांनी येऊन फस्त केलं आणि मग आग लावली.

आता स्वयंपाकघराकडे वळतो. या घराचं खरं राजकारण तिथे शिजतं. फ्रँकलिन रूझवेल्ट १९३३ मध्ये आले ते मंदीच्या ऐन कडाक्यात. एलिनॉर रूझवेल्ट यांनी हाइड पार्कच्या आपल्या गावच्या हेन्रिएटा नेस्बिट यांना घरकारभारीण म्हणून आणलं. नेस्बिटबाई घरी पाव-केक भाजून विकायच्या. एवढ्या मोठ्या घराचा कारभार त्यांनी कधी बघितला नव्हता. देश उपाशी असताना राष्ट्राध्यक्षाच्या घरी चैन नको, हा एलिनॉरबाईंचा विचार कौतुकाचाच. टोमॅटोच्या रसातली अंडी, कुस्करलेले बटाटे आणि आलुबुखारचं पुडिंग असं साडेसात सेंटांत होणारं जेवण त्यांनी नवऱ्याला वाढलं आणि त्याची जाहिरातही केली. पण मंदी ओसरली तरी नेस्बिटबाईंचा हात काही सुधारला नाही. पुन्हा पुन्हा तेच पदार्थ, तीच उकडलेली बेचव भाजी. साहेबांना ब्रॉकली आवडत नाही असं सांगितलं, तर ‘आवडली पाहिजे’ म्हणत ती पुन्हा ताटात.

१९३७ च्या जुलैमध्ये अर्नेस्ट हेमिंग्वे स्पेनच्या यादवीवरचा चित्रपट दाखवायला तिथे गेला. बरोबरची पत्रकार मार्था गेलहॉर्न विमानतळावरच सँडविच खात बसली होती. असं का, म्हणून त्यानं विचारलं तर म्हणाली, व्हाइट हाउसला जेवायला जाणारे सगळेच आधी खाऊन जातात. हेमिंग्वेला ते पटलं रात्री. इतकं वाईट जेवण आपण जन्मात जेवलो नाही, अशा अर्थाचं त्यानं सासूबाईंना लिहून कळवलं.

हिटलरशी युद्ध लढणारा हा माणूस आपल्या घरकारभारणीला काढू शकला नाही. नेस्बिटला हाकलता यावं म्हणूनच मला चौथ्यांदा निवडून यायचंय, असं तो गमतीनं म्हणायचा. चौथ्यांदा निवडून आला आणि तरीही बाई राहिल्याच. त्यानं पळवाट काढली ती एवढीच, की आई वारल्यावर तिची स्वयंपाकीण बोलावून घेतली आणि तिसऱ्या मजल्यावर छोटं स्वयंपाकघर थाटलं. लोक याचा अर्थ एलिनॉरबाईंनी नवऱ्याच्या प्रतारणेचा सूड उगवला असाही लावतात. मला तो जरा जास्तच कादंबरीतला वाटतो. जेवणाला महत्त्व न देणारी, जगाच्या कामात बुडालेली माणसं असतात, एलिनॉरबाई त्यांतल्या.

नेस्बिटबाईंचा निकाल लावला तो पुढच्या राष्ट्राध्यक्षाच्या पत्नी बेस ट्रूमन यांनी, आणि तोही लोण्यावरून. बायकांच्या मंडळात प्रत्येकीनं घरून काहीतरी न्यायचं होतं. बेसबाईंच्या वाट्याला लोण्याची एक कांडी आली. नेस्बिटबाई म्हणाल्या, रेशनिंग आहे, मिळणार नाही. राष्ट्राध्यक्षाच्या बायकोला तिच्याच घरात लोणी नाकारलं! काही दिवसांत नेस्बिटबाई निवृत्त झाल्या.

ट्रूमन कुटुंबावर मी आणखी थोडा रेंगाळणार आहे, कारण त्यांच्याइतकं या घरानं कुणालाच छळलं नाही. १९४८ मध्ये त्यांची मुलगी मार्गारेट हिच्या खोलीतल्या पियानोचा पाय जमिनीतून खाली गेला आणि खालच्या भोजनगृहाच्या छताला भगदाड पडलं. झुंबरं आपोआप किणकिणायची, जमीन हलायची. अभियंत्यांनी पाहणी करून सांगितलं की दुसरा मजला निव्वळ सवयीनं उभा आहे. वर्षानुवर्षं नळ, गॅस, वीज घालताना तुळया कोरत गेलेल्या; कोरून उरलं किती हे कुणी पाहिलंच नव्हतं. सगळं कुटुंब समोरच्या ब्लेअर हाउसमध्ये हललं आणि व्हाइट हाउस आतून अक्षरशः खरवडून काढलं. बाहेरच्या भिंती तेवढ्या राहिल्या. आत पोलादी सांगाडा उभा केला. म्हणजे आज आपण बघतो ते दोनशे वर्षांचं घर आतून १९५२ चं आहे. ब्लेअर हाउसही लाभलं नाही. १ नोव्हेंबर १९५० रोजी तिथे ट्रूमनवर हल्ला झाला आणि लेस्ली कॉफेल्ट हा पहारेकरी मारला गेला.

आणि सासूबाई. मॅज वॉलेस जावयाच्या घरीच राहत. हा शेतकऱ्याचा पोरगा आपल्या लेकीला शोभत नाही, हे त्यांचं मत लग्नापासून होतं आणि जावई राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतरही ते बदललं नाही. १९५२ च्या डिसेंबरात त्या व्हाइट हाउसमध्येच वारल्या. ट्रूमननं या घराला ‘पांढरा तुरुंग’ म्हटलं त्यात सासूबाईंचा वाटा किती, ते त्यानं लिहिलेलं नाही.

मुळात वडीलधारं माणूस घरात असणं हे तिथे अपवादाचं. म्हणून मिशेल ओबामांच्या आई मेरियन रॉबिन्सन यांचं कौतुक वाटतं. आठ वर्षं त्या तिसऱ्या मजल्यावर राहिल्या, नातींना शाळेत नेण्या-आणण्याकडे लक्ष दिलं, आणि नोकरांचा ताफा दिमतीला असून स्वतःचे कपडे स्वतः धुतले. सुरक्षारक्षक नको म्हणून सांगितलं आणि खुशाल बाजारात जाऊन यायच्या. तुम्ही मिशेलच्या आईसारख्या दिसता, असं कुणी म्हटलं तर ‘हो, बरेच जण म्हणतात’ एवढंच म्हणून पुढे चालू लागायच्या. त्यांच्या लेकीला मात्र खिडकी उघडायचीही परवानगी नव्हती. २६ जून २०१५ ला समलिंगी विवाहांना न्यायालयानं मान्यता दिली, त्या रात्री घरावर इंद्रधनुष्याचे रंग सोडले होते. रस्त्यावर लोकांचा जल्लोष. घरातल्यांना तो ऐकूही येईना. मिशेल आणि मुलगी मलिया पहारेकऱ्यांना हुलकावणी देत, दारं शोधत शोधत बाहेर पडल्या आणि आपल्याच घराची रोषणाई दोघींनी कोपऱ्यात उभं राहून बघितली.

मुलांसाठी हे घर कधी जत्रा, कधी शाप. लिंकनचा टॅड बोकड जुंपून ईस्ट रूममधून पाहुण्यांच्या मधून गाडी पळवायचा. थिओडोर रूझवेल्टचा आर्ची गोवराच्या तापानं अंथरुणाला खिळला होता, तर भावंडांनी त्याचं तट्टू चक्क लिफ्टमधून वर त्याच्या खोलीत नेलं. टाफ्टच्या वेळी पॉलीन नावाची गाय अंगणात चरायची आणि घरचं दूध घरीच व्हायचं. केनेडींनी तिसऱ्या मजल्यावरच्या उन्हाच्या खोलीत कॅरोलाइनसाठी शाळा भरवली. कार्टर यांनी एमीला सरकारी शाळेत घातलं. ओबामांच्या दहा आणि सात वर्षांच्या मुलींना आईची सक्त ताकीद होती की आपापली अंथरुणं आपण आवरायची, मोलकरणींनी हात लावायचा नाही.

पण लिंकनचा अकरा वर्षांचा विली १८६२ च्या फेब्रुवारीत इथेच विषमज्वरानं गेला. घराला येणारं पाणी दूषित असावं असा कयास आहे. आणि १९२४ च्या उन्हाळ्यात कूलिजचा सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता अंगणात टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला, तो चिघळला आणि आठवड्याभरात मुलगा गेला. प्रतिजैविकं अजून यायची होती. आपण राष्ट्राध्यक्ष नसतो तर पोराला तो फोड आला नसता, असं कूलिजला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

हे सगळं आपल्याला कळतं कुणामुळे? बहुतांशी नोकरांमुळे. बिऱ्हाडं चार नाहीतर आठ वर्षांनी हलतात. घर चालवणारी सुमारे शंभर माणसं तिथेच राहतात. स्वयंपाकी, बटलर, मोलकरणी, सुतार, नळवाले, फुलं मांडणारे. मॅगी रॉजर्स १९०९ मध्ये टाफ्टच्या काळात मोलकरीण म्हणून लागल्या. त्यांची मुलगी लिलियन रॉजर्स पार्क्स पोलिओमुळे कुबड्या घेऊन चालायची. ती १९२९ मध्ये शिवणकामाला लागली आणि आयझेनहॉवर जाईपर्यंत राहिली. हूव्हर दांपत्याला नोकर नजरेसमोर आलेले खपत नसत, हे तिनंच लिहिलं. राष्ट्राध्यक्षांसाठी तीन घंटा, बाईंसाठी दोन. घंटा वाजली की हातात तबक असो की झाडू, असेल त्यासकट जवळच्या कपाटात शिरायचं. एकेका कपाटात दोन-दोन, तीन-तीन माणसं श्वास धरून उभी. १९६१ मध्ये लिलियनचं पुस्तक आलं आणि केनेडींच्या कचेरीनं सगळ्या नोकरांकडून लिहून घेतलं की आम्ही आठवणी लिहिणार नाही.

युजीन ॲलन १९५२ मध्ये वर्षाला २,४०० डॉलरवर भांडी-ताटांच्या खोलीत लागला. काळा माणूस, नदीपलीकडच्या व्हर्जिनियात त्याला सार्वजनिक शौचालयात जाता येत नव्हतं. केनेडींची हत्या झाली त्या रात्री तो घरी आला आणि पुन्हा कोट चढवून कामावर गेला. अंत्ययात्रेचं निमंत्रण त्यालाही होतं. तो गेला नाही. माणसं परत येतील तेव्हा त्यांना चहापाणी कोण देणार, हा त्याचा प्रश्न. नंतर जॅकलीनबाईंनी त्याला केनेडींचा एक टाय दिला. बायकोनं, हेलेननं, तो चौकटीत बसवून घेतला. १९८६ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मूट कोल येणार होते. नॅन्सी रीगन त्याला म्हणाल्या, त्या रात्री तुझं काम लागणार नाही. त्याच्या पोटात गोळा आला. तू आणि हेलेन पाहुणे म्हणून येताय, बाई म्हणाल्या. जी शॅम्पेन इतकी वर्षं त्यानं रचून ठेवली ती त्या रात्री त्याच्या पेल्यात ओतली गेली. नॅन्सीबाईंची ही बाजूही सांगायला हवी. पण चौतीस वर्षांच्या नोकरीत एक रात्र, याला मी सन्मान म्हणेन, न्याय म्हणणार नाही. काळ्या नोकरांचे पगार त्याच घरातल्या गोऱ्यांहून कमी, ही तक्रार तिथे बराच काळ होती, आणि ती समतेची भाषणं जिथे लिहिली गेली त्याच छपराखाली होती.

याच माणसांची खरी परीक्षा २० जानेवारीला. साडेदहा-अकराच्या सुमाराला जुनं आणि नवं कुटुंब शपथविधीला निघालं की दारात दोन्हीकडचे ट्रक लागतात. सुरक्षेमुळे हमाल आत येऊ शकत नाहीत, म्हणून सामान उचलतात ते घरचेच नोकर, फुलवालेही, स्वयंपाकीही. पाचेक तासांत एकाचा संसार बाहेर आणि दुसऱ्याचा आत. संध्याकाळी नवी माणसं येतात तेव्हा कपडे कपाटात घडी घालून, आवडीचा शाम्पू न्हाणीघरात. काही वेळा मात्र हे गणित चुकलं. १९६३ मध्ये जॅकलीन केनेडींना घर आवरायला दोन आठवडे लागले आणि जॉन्सन कुटुंब तोवर आपल्या घरी थांबलं. १९७४ मध्ये निक्सन राजीनामा देऊन गेले, सामान मागे राहिलं. तेव्हा जेरल्ड फोर्ड राष्ट्राध्यक्ष होऊनही दहा दिवस अलेक्झांड्रियातल्या आपल्या साध्या घरातून रोज कामाला येत होते.

आता २०२५ च्या ऑक्टोबरात ट्रम्प यांनी ईस्ट विंग पाडली. मेजवान्यांसाठी तिथे भव्य दालन उठतं आहे. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीची कचेरी त्या विंगमध्ये होती. ट्रूमननं १९४८ मध्ये साधा एक सज्जा काढला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि वीस डॉलरच्या नोटेवरचं चित्रही बदलावं लागलं होतं. भाडेकरूनं भिंती पाडाव्यात की नाही, हा वाद त्या देशाला नवा नाही. भिंत पाडताना मालकाला विचारायचं असतं एवढं मात्र खरं, आणि मालक तिथली जनता आहे.

राष्ट्राध्यक्षांची आत्मचरित्रं जाडजूड असतात आणि त्यांत घर फारसं नसतं. हा विषय वाचावासा वाटला तर आधी लिलियन पार्क्स वाचा, मग पॉल जेनिंग्ज. जेनिंग्जचं पुस्तक एका बैठकीत वाचून होतं.